नाव नको, गावही नको

समाजकार्यात गोपनीयता म्हणजे नाव झाकणे, असे समजणारे पुष्कळ भेटतात. आणि नावही सुटतेच! २०१३च्या फेब्रुवारीत आपल्या भंडारा जिल्ह्यातील एका गावात तीन लहान मुलींचे मृतदेह विहिरीत सापडले. अत्याचाराचा संशय होता. १ मार्चला राज्यसभेत निवेदन करताना तत्कालीन गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी त्यांची नावेच वाचली. अरुण जेटलींनी हरकत घेतली, नावे कामकाजातून वगळली गेली.

गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. लहान गावात शाळा किंवा नाते सांगितले तरी घर कळते. पोक्सो कायद्यात पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार हे सारे छापायला मनाई आहे. मृत्यूनंतरही ओळख उघड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले.

मात्र मूल अत्याचार सांगू लागले, की 'कुणालाच सांगणार नाही' असे वचन मी देत नाही. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. ते मुलाला आधीच सांगते. शेजारीपाजारी बोलणार नाही, हेही सांगते. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहिते. संस्थेची जीप त्या घरासमोर कधीच उभी करत नाही.