अंगरख्याच्या आतली आग

पनवेल सोडून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला कोन हे गाव म्हणजे बहुधा एक फाटाच वाटतो. परंतु आग विझविण्याची कामगिरी ज्याच्या माथी आहे त्याच्या नजरेने पाहिले, तर या लहानशा टापूत जोखमीचे नाना नमुने दाटीने एकत्र आलेले दिसतात. सावळ्याकडे वळणारा रस्ता नावातच आपला व्यवसाय सांगणाऱ्या रसायनीकडे आणि पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो; जवळच्या द्रुतगती मार्गावरून ज्वालाग्राही द्रव्यांचे टँकर अहोरात्र धावत असतात; आणि २०१६ साली गिरणी कामगारांसाठी ज्यांची सोडत निघाली ती कोनची २,४१७ घरे बहुमजली इमारतींत आहेत. कारखाना असो, टँकर असो की धुराने भरलेला जिना, जवानाने जाड अंगरखा आणि शिरस्त्राण चढविले की तो निर्धास्त झाला, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

या अंगरख्याचे, म्हणजे फायर सूटचे, तीन थर असतात: बाहेर सहजासहजी न पेटणारे ॲरामिड धाग्याचे कापड, मध्ये पाणी अडवून वाफेला थोडी वाट देणारा पडदा, आणि आत उष्णतारोधक अस्तर. खरे रक्षण मात्र या थरांमध्ये कोंडलेली हवा करते. म्हणूनच पाठीवरच्या सरंजामाचा पट्टा जेथे खांद्यावर दाबून बसतो, किंवा रांगताना गुडघा जेथे जमिनीवर टेकतो, तेथे ती हवा दबून जाते आणि नेमके तेथेच भाजण्याचे भय वाढते. घामाने अस्तर ओले झाले तर परिस्थिती आणखी बिघडते. कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेते, आणि बाहेरची आच अकस्मात वाढली तर तोच घाम वाफ होऊन कातडी पोळवतो.

आता शरीराचा हिशेब पाहू. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो आणि उरलेल्याची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्णपणे उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. पण तो उडाला तर! वैशाखातल्या कोकणी दमट हवेत, जेथे साध्या सदऱ्यातला घामही वाळत नाही, तेथे तीन थरांआडचा घाम नुसता ओघळतो, आणि बाहेरची आग विझविणाऱ्या माणसाच्या आत दुसरी आग धुमसू लागते. अमेरिकेतील दीर्घकाळच्या नोंदींत कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशामकांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अंत ज्वाळांनी नव्हे, तर हृदयक्रिया अकस्मात बंद पडून झालेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

पाठीवरच्या नळकांड्याला लोक सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात; बीए सेटमध्ये, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्रात, असते ती आपली साधीच हवा, दाबून भरलेली. ६.८ लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. मिनिटाला चाळीस लिटर लागली तर ती पन्नास मिनिटे पुरेल. जिना चढून धापा टाकणाऱ्याने ऐंशी लिटर ओढली तर पंचवीसच. म्हणजे नळकांड्यावरची मुदत ही श्वासाची मुदत नव्हे, आणि दाब उतरल्यावर वाजणारी शिट्टी हा निघण्याचा मुहूर्त नसून उशीर झाल्याचा इशारा आहे. मुखवट्याखाली दाढी असेल तर रबराची कड चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि हवा फुकट गळते.

ओझे किती यापेक्षा ते कोठे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. सेटचा कमरपट्टा सैल सोडून सारा भार खांद्यांवर घेणाऱ्याची पाठ लवकर जाते आणि शिडीवर तोलही ढळतो. पायातला एक किलो तर पाठीवरच्या पाच किलोंइतका थकवितो, म्हणून बुटाच्या वजनात काटकसर करणे हे चैनीत मोडत नाही. मापाचेही तेच. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर ही पहिली विद्यार्थिनी दाखल झाली, तरीही पुरुषी मापाचा हातमोजा स्त्रीच्या बोटांवर ढिला बसून पकड घालवतो याची दखल खरेदीच्या दप्तरात कितपत घेतली जाते, याविषयी मला शंका आहे.

रसायनांच्या या मुलखात आणखी एक भेद जाणला पाहिजे: फायर सूट विषारी वायू अडवीत नाही, आणि वायू अडविणारा बंदिस्त पोशाख ज्वाळेत वितळतो. काजळीने माखलेला सूट शौर्याची खूण म्हणून मिरवण्याचे दिवसही आता सरले; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला आहे. सूट जागीच धुऊन, वेगळ्या पिशवीत परत न्यावा. गाडीच्या केबिनमध्ये नको, घरी तर नकोच.

तेव्हा कोन फाट्यावर एखादे दिवशी धूर निवळल्यानंतर बंबाशेजारी कोट उघडा टाकून, कोपरापर्यंत हात बादलीतल्या थंड पाण्यात बुडवून बसलेला जवान दिसला, तर तो कामचुकारपणा करतो आहे असे समजून त्याचे चित्रण करू नका. रक्त थंड करण्याचा तो उपचार आहे. जमल्यास आणखी एक बादली पाणी आणून द्या.