परिचालन प्रणाली, उत्पादन यंत्रांवरील जुन्या
संगणकनियंत्रित लेथ, मिलिंग यंत्र, मापनयंत्र इ. उत्पादन यंत्रांना जोडलेल्या संगणकांत, निर्मात्याने आधार देणे थांबविल्यावरही मूळचीच परिचालन प्रणाली (संगणकाचे भाग व त्यांवरील कार्यक्रम यांत समन्वय साधणारा मूलभूत कार्यक्रमसंच) वापरात ठेवण्याची पद्धत अनेक कारखान्यांत आढळते. असा संगणक शक्यतो सर्व जाळ्यांपासून अलग ठेवून चालवितात.

कारणे : यांत्रिक हत्यार वीस-तीस वर्षे उत्तम काम देऊ शकते, परिचालन प्रणालीचा आधार मात्र बराच आधी संपतो. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ मध्ये प्रचारात आली व तिचा सर्वसाधारण आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज ७ (२००९) या प्रणालीचा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. केवळ संगणक बदलून ही अडचण सुटत नाही. यंत्राचे नियंत्रक कार्ड पुष्कळदा जुन्या धर्तीच्या खाचेतच बसते व नव्या संगणकांत ती खाच नसते. कार्डाशी संपर्क साधणारा चालक कार्यक्रमही विशिष्ट प्रणालीसाठीच लिहिलेला असतो. डॉस प्रणालीत (१९८१) कार्यक्रमाला संगणकाच्या पोर्टांशी थेट व्यवहार करता येतो. विंडोज एनटी व तिच्यापासून विकसित झालेल्या प्रणालींत सामान्य कार्यक्रमाला तशी मुभा नसते. ६४-बिट विंडोजवर १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत. यंत्रनिर्मात्याचा व्यवसाय बंद पडला असल्यास नवा चालक कार्यक्रम मिळत नाही व सुस्थितीतील यंत्र केवळ त्यासाठी मोडीत काढणे परवडत नाही.

धोके : आधार संपल्यावर आढळणारे दोष सामान्यतः दुरुस्त होत नाहीत. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी कार्यक्रमामुळे रेनॉ कंपनीच्या काही मोटार कारखान्यांतील उत्पादन थांबले. जूनमध्ये होंडा कंपनीचा जपानमधील सायामा येथील कारखाना एक दिवस बंद राहिला. अलगपणाही अभेद्य नसतो. २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा कार्यक्रम सुट्या यूएसबी स्मृतिसाधनांतूनही पसरत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत नव्या यंत्रावर कार्यक्रम बसविताना चूक झाली. ते यंत्र जाळ्याला जोडताच ‘वॉनाक्राय’चा एक प्रकार इतर यंत्रांत पसरला.

दक्षता : संगणकाच्या तबकडीची संपूर्ण प्रतिकृती काढून ती सुट्या तबकडीवर उतरवावी व तिच्यावर यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे, न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे असते. यंत्राचे प्राचल बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असल्यास बॅटरी वेळेवर बदलावी व प्राचलांची कागदावर नोंद ठेवावी. बाहेरून आणलेले कार्यक्रम व आराखडे प्रथम स्वतंत्र संगणकावर तपासून, त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या स्मृतिसाधनातून यंत्राकडे न्यावेत. जोडणी अपरिहार्य असल्यास मध्ये संरक्षक व्यवस्था ठेवून आवश्यक तेवढाच मार्ग खुला ठेवावा.

अलगपणामुळे जाळ्यावाटे होणारा संसर्ग टळतो. तबकडी, विद्युत् धारित्रे व इतर भाग यांची झीज टळत नाही. जुनी प्रणाली माहीत असलेले कामगारही कालांतराने निवृत्त होतात. त्यामुळे सुटे भाग, प्रती व लेखी सूचना यंत्र सुस्थितीत असतानाच सिद्ध ठेवणे आवश्यक ठरते.