फॉरमॅट करण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'संगणक चालूच होत नाही.' दुरुस्तीच्या कामात पंचवीसेक वर्षं काढल्यावर या वाक्याची मला इतकी सवय झाली आहे, की फोन उचलतानाच मी पुढचा प्रश्न तयार ठेवतो : चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? पलीकडचा माणूस जरा वैतागतो. चालू होत नाही म्हणजे चालू होत नाही! पण हे वाक्य 'पोटात दुखतंय' या वाक्यासारखं आहे. डॉक्टरला तेवढं पुरत नाही. कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, हे न विचारता औषध देणारा डॉक्टर आपण लगेच बदलू. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण उलट वागतो. 'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल' असं कुणी म्हटलं की मान डोलावतो आणि डबा त्याच्या हवाली करतो. त्या डब्यात दहा-बारा वर्षांचे फोटो असतात, मुलीचा प्रबंध असतो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन असतात. बहुतेक घरांत त्यांची दुसरी प्रत नसते.

म्हणून बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत संगणक काय काय करतो, हे आधी समजून घेऊ. तो कुठल्या पायरीवर अडला हे कळलं की निम्मं काम होतं. आणि पुष्कळदा असं दिसतं, की बिघाड जिथे आहे तिथे तुमचे फोटो नसतातच.

संगणक सुरू होण्याला 'बूट होणं' म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारातून हा शब्द आला. आपण म्हणू, स्वतःची शेंडी धरून स्वतःला उचलायचं. अडचण खरोखरच तशी आहे. विंडोज डिस्कवर असतं. ते डिस्कवरून वाचून घ्यायला एक प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम कोण आणणार? यावर तोडगा असा, की मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये थोडीशी आज्ञावली कायमची भरून ठेवतात. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून तिला बायॉस म्हणत आले. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ही आज्ञावली जागी होते, मेमरी आणि इतर भाग तपासते, डिस्क शोधते आणि पुढचं काम विंडोजच्या हाती देते. खो-खोच्या खेळासारखं आहे हे. मागून खो मिळाल्याशिवाय पुढचा खेळाडू उठतच नाही. खो कुठे चुकला एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पहिला खो विजेचा. बटण दाबलं, पण दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काहीच नाही, तर दोष विंडोजचा नसतो. विंडोजपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट पिन लावून पाहा. डब्याच्या मागे, जिथे वायर आत जाते तिथे, एक छोटा खटका असतो. झाडलोट करताना तो बंद झालेला असू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा. पुष्कळ लॅपटॉप एवढ्यानेच उठतात. तेवढ्याने भागलं नाही, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या चौकोनी पेटीवर येतो. पावसाळ्यात तिच्यात पाली, मुंग्या शिरतात. ही पेटी घरी मुळीच उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्या आत काही काळ वीज साठून राहते आणि तो झटका साधा नसतो.

(जाता जाता : त्या डब्यालाच सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू आतली बिस्किटाएवढी चकती. ही दुरुस्ती करणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.)

दुसरी अवस्था : पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. इथे आधी एक सोपी परीक्षा करा. की-बोर्डवरचं कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतलं यंत्र जागं आहे. मॉनिटर किंवा त्याची केबल तपासायला हवी. दिवा ढिम्म हलत नसेल, तर सुरुवातीचीच तपासणी अडली आहे. अशा वेळी संगणक कधी कधी 'बीप' वाजवतो. किती बीप म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पण एकामागून एक बीप येत राहिले तर बहुतेक वेळा तक्रार मेमरीची, म्हणजे रॅमची असते. पुष्कळ नव्या बोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, गाडी तिथे अडलेली.

रॅमवर आपल्याकडचा उपाय खोडरबराचा. दमट हवेने पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ धरतो. पिन पूर्ण काढायची, हात डब्याच्या पत्र्याला लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पट्टी अलगद काढायची, दातांवरून हलक्या हाताने रबर फिरवायचं, चुरा नीट झटकायचा आणि पट्टी खटका वाजेपर्यंत परत बसवायची. परदेशी माहितीपुस्तकांत रबराचं नाव क्वचितच निघेल. पुष्कळदा नुसती पट्टी काढून पुन्हा बसवल्यानेही काम होतं. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी या फंदात पडू नये, दुकानात जावं. पण जाताना एक गोष्ट ध्यानात असू द्या : रॅमच्या दोषाला फॉरमॅट हे औषध नाही.

तिसरी अवस्था मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण गैरसमज इथेच जास्त होतात. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात : बूट डिव्हाइस सापडत नाही, किंवा तारीख चुकीची आहे, एफ१ दाबा. पहिल्या संदेशाला घाबरण्याआधी डब्याला किंवा लॅपटॉपला लावलेला पेन ड्राइव्ह काढा. बिचारा संगणक पुष्कळदा त्याच्यात विंडोज शोधत बसलेला असतो.

तारखेची कथा वेगळी आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. पिन काढलेली असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि जुन्या यंत्रांत काही नोंदी जपणं हेही. तो काही वर्षांनी संपतो. मग तारीख मागे जाते, नोंदी पुसल्या जातात आणि कारखान्यातल्या मूळ नोंदी परत येतात. त्यांत डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं याचीही एक नोंद असते. ती बदलली तर विंडोज सुरू होताहोताच निळा पडदा दाखवून कोसळतं, कारण त्याला स्वतःची डिस्कच ओळखता येत नाही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक असा डबा घेऊन आले होते. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी कित्येक वर्षं टाइप करून ठेवल्या होत्या. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता हयात नव्हत्या. एका ठिकाणी त्यांना फॉरमॅट करावा लागेल असं सांगितलं गेलं होतं. 'करू का?' असं ते मला विचारत होते, आणि त्यांना काय उत्तर हवं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. पडद्यावरची तारीख जुनी होती. सेल बदलला, ती नोंद पूर्ववत केली आणि विंडोज उठलं. ओव्यांना कुणी हातही लावलेला नव्हता. सेलची किंमत दोघांच्या चहा-वड्याएवढी. त्यांनी त्याच दिवशी दोन पेन ड्राइव्ह घेतले.

मात्र डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करा. आतला वाचणारा काटा अडखळतो आहे. 'अजून एकदा बघू' म्हणून पुन्हा पुन्हा सुरू केलं तर उरलंसुरलंही जाईल. एसएसडीला असा आवाज नसतो, ती न सांगता जाते.

चौथी अवस्था : विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके गोल गोल फिरत राहतात, किंवा निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होतं. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभर हेच झालं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या अपडेटमधली एक फाइल सदोष होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने दीड तासाच्या आत चूक मागे घेतली, पण जी यंत्रं उठतच नव्हती त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचणार कशी? माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून, सेफ मोडमध्ये शिरून, ती एक फाइल पुसली. बाकी डिस्क जशीच्या तशी होती.

हा सेफ मोड घरीही वापरता येतो. त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक भाग घेऊन उठतं. जुन्या यंत्रांत एफ८ दाबून तिथे जाता येई. विंडोज १० आणि ११ मध्ये मात्र चिन्ह दिसू लागताच बटण दाबून धरून यंत्र बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे 'स्टार्टअप रिपेअर' आहे, शेवटचं अपडेट काढून टाकण्याची सोय आहे आणि सेफ मोडही आहे. आदल्या दिवशी काय नवं घातलं होतं ते आठवा. पुष्कळदा चोर तोच असतो.

यातलं काहीच जमलं नाही तर फॉरमॅट करावा लागतो, हे खरं. पण त्याआधी फाइली बाहेर काढता येतात. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच सुरू करता येते. विंडोजला न उठवता ती डिस्क वाचते आणि फोटो दुसरीकडे उतरवून घेता येतात. किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. 'फॉरमॅटनंतरही डेटा परत मिळतो' या आश्वासनावर विसंबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, पानं राहतात, म्हणून थोडी आशा असते. एसएसडीमध्ये रिकामी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. तिथे ती आशाही जवळजवळ नसते.

अलीकडे यात एक नवी मेख आली आहे. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. यंत्र बिघडलं, डिस्क काढली, की ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर उतरवा आणि तो कागद रेशन कार्डाशेजारी ठेवा. खात्याचा पासवर्ड मुलाने घातला होता आणि मुलगा परदेशी, अशी घरं मी पाहिली आहेत.

दुकानात जाताना पडद्यावरच्या अक्षरांचा मोबाइलने फोटो काढून न्या. 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं पावतीवर लिहून घ्या. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. आणि काम एसएमपीएसचं किंवा रॅमचं आहे असं कळलं असेल, तर डब्यातली हार्ड डिस्क चार स्क्रू आणि दोन वायरी काढून घरीच ठेवा. तपासणीपुरती डिस्क दुकानदाराकडे असते.