गाडी आदळते? शॉकअप बदलण्याआधी हे बघा

आजच्या भागात जुन्या एसयूव्हीच्या आदळण्याबद्दल बोलू. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: "गाडी इंजिनाला ठणठणीत आहे, पण आत बसवत नाही. विकू का?" मी स्वतः या प्रश्नातून गेलोय आणि त्यात पैसे चुकीच्या ठिकाणी घालवलेत. म्हणून माझ्याच गाडीची गोष्ट सांगतो.

आम्ही मूळचे विट्याजवळचे, गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पसरलीत, तसे आम्ही कुंभकोणमला आलो. धंदा कुंभकोणमला आणि घर पापनाशमला, तंजावरच्या रस्त्यावर. गाडी 2009 ची टाटा सफारी, 2.2 डायकोर. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली, म्हणजे गाडी ठेवायचं ठरलंच होतं. अडचण आईची होती. तिच्या कमरेचा एक मणका दबलाय. डॉक्टरांनी दणके टाळायला सांगितलेत. आणि तिला गावच्या जत्रेला जायचं होतं. पापनाशम ते विटा म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास. एकदा कुंभकोणमपर्यंत नेली, तर उतरताना म्हणाली, "त्यापरीस बैलगाडी बरी. मी न्हाई बसायची हिच्यात."

मी काय केलं? सगळे करतात तेच. चारही शॉकअप नवे टाकले. गाडी आणखी कडक झाली.

इथे थांबून थोडं समजून घेऊ. सस्पेन्शनमध्ये तीन वेगवेगळी कामं चालतात. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. शॉकअप त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. आणि रबरी बुश व बॉल जॉइंट चाकाला जागेवर धरतात, बारीक हादरे गिळतात. त्यामुळे तक्रारही तीन प्रकारची असते. गाडी होडीसारखी डोलते, तर संशय शॉकअपवर. लहान खड्ड्यातही 'ठक्क' असा कोरडा दणका येतो, तर टायर, बुश, स्टॉपर आणि गाडीची उंची बघायची. खडखड येते, तर लिंक, बुश किंवा बॉल जॉइंट सैल. माझी गाडी डोलत नव्हती, आदळत होती. म्हणजे शॉकअपचा खर्च मी आजार न ओळखताच केला.

मग पापनाशमजवळच्या एका मेस्त्रीकडे गेलो. ते मला 'तंबी' म्हणतात, मी त्यांना 'अण्णा'. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, ते बरं आहे! त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "रोजचा एक रस्ता सांग." आमच्या घराजवळ कालव्याकडेचा अरुंद रस्ता आहे. सहा किलोमीटर, नऊ स्पीड ब्रेकर, मध्ये ट्रॅक्टरने उखडलेला तुकडा. अण्णा म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी याच रस्त्यावर, याच वेगाने चालवायची. तुम्हीही हे करा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

पहिलं, टायर. सकाळी गाडी न चालवता हवा मोजली. दाराच्या कडेला लिहिलेल्या आकड्यापेक्षा ती 10 पीएसआय जास्त निघाली. पंपावरचा पोरगा 'मोठी गाडी' म्हणून भरत होता आणि मी बघत नव्हतो. टायर हीच पहिली स्प्रिंग असते. ती दगडासारखी फुगवली, तर पुढचं सगळं व्यर्थ. मग टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचला. 1416 म्हणजे 2016 सालचा 14 वा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर वाळून कडक झालेलं आणि बारीक चिरा पडलेल्या. असे टायर लांबच्या प्रवासाला धोक्याचेच. हवा बरोबर केली, टायर बदलले. नऊपैकी दोन स्पीड ब्रेकर सुसह्य झाले.

दुसरं, उंची. अण्णांनी टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजल्या. पुढची बाजू चढलेली, डाव्या-उजव्यात दीड सेंटीमीटरचा फरक. तेव्हा आठवलं, आधी एका गॅरेजात "पुढून बसलीय" म्हणून उचलून दिली होती.

माझ्या सफारीला पुढे गोल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. 2012 च्या स्टॉर्मपासून पुढेही गोल स्प्रिंग आली. टॉर्शन बार म्हणजे एक लांब सळई. एक टोक चासीला, दुसरं चाकाच्या आर्मला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते. ओला पंचा पिळताना तो जसा उलटा जोर लावतो, तशी ती चाकाला खाली ढकलते. तिच्या बोल्टने गाडीची उंची वर-खाली करता येते. पण लक्षात घ्या, बोल्ट आवळल्याने सळई मजबूत होत नाही. फक्त गाडी उचलली जाते, आणि आर्म आपल्या खालच्या मर्यादेजवळ जाऊन बसतो. मग खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नसते. आर्म स्टॉपरवर जाऊन धडकतो आणि चाकाऐवजी गाडीच खड्ड्यात पडते. तोच तो दणका.

अण्णांनी उंची कंपनीच्या मापावर आणली, दोन्ही बाजू सारख्या केल्या. यानंतर अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात. आणि हे काम घरी करू नका. पिळलेल्या सळईत फार जोर साठलेला असतो.

तिसरं, बुश. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझे पुढच्या आर्मचे बुश एका वर्षापूर्वीच बदललेले होते, तरी फाटलेले निघाले. माल खराब? नाही. बसवण्याची पद्धत चुकली होती.

रबरी बुश हा फिरणारा बेअरिंग नव्हे. त्याची आतली नळी बोल्टने आवळली की जागीच पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा मधलं रबर पिळ खातं. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळतायत आणि त्याच स्थितीत बोल्ट पक्का आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं. ते सस्पेन्शनला उलट ढकलत राहतं, गाडी कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर घ्यायचं, आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. मागच्या बाजूच्या आर्मनाही हाच नियम. तुमच्या मेस्त्रींना एवढं एकच वाक्य नक्की सांगा: "बोल्ट गाडी खाली टेकवून आवळा."

मागचे रबरी बंप स्टॉपर तर चुरा होऊन गळून पडले होते. भरलेली गाडी स्पीड ब्रेकरवर लोखंडावर लोखंड आपटत होती. भाग लहान, फरक मोठा.

चौथं, बॉल जॉइंट. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, तर एका बाजूला चाक लुकलुकलं. खालचा बॉल जॉइंट झिजलेला. आवाज जेमतेम होता, म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. हा जॉइंट धावताना निखळला तर चाक वाकडं होऊन गाडी हाताबाहेर जाते. आराम बाजूला ठेवा, ही जिवाची गोष्ट आहे. तपासताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा.

शॉकअप शेवटी बघा. तेल गळतंय का, टायरवर हात फिरवून उंच-सखल लागतं का, कोपरा दाबून सोडला की एका-दीड हेलकाव्यात थांबतो का. बदलायचेच झाले तर एका धुरेचे दोन्ही बदला. माझे चार जुने शॉकअप कोरडे होते. त्यातले निदान दोन आणखी चालले असते, असं अण्णांनी ते हाताने दाबून दाखवलं. मी काही बोललो नाही.

मग डॉक्टरांना विचारून निघालो. आई पुढच्या सीटवर, कमरेला उशी, दर दोन तासांनी थांबा. तंजावर, तिरुची, सेलम, बेंगळुरूला मुक्काम, मग हुबळीचा रस्ता. गाडी नवी झाली नाही, मोठ्या खड्ड्यात अजून हलते. पण हुबळीच्या पुढे बोलता बोलता आईचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर झोप लागली होती. विट्यात उतरल्यावर एवढंच म्हणाली, "परत जाताना हीच आण."

तर क्रम लक्षात ठेवा: हवा, टायर, उंची, बुश, स्टॉपर, जॉइंट, आणि मग शॉकअप. तुमची गाडी डोलते, आदळते की खडखडते, ते आधी ओळखा. पुढच्या भागात अलाइनमेंटची पावती कशी वाचायची ते बघू. सांभाळून चालवा.