नाईलकाठचं काजळ

मैत्रिणींनो, आरशापुढे उभं राहून आपण डोळ्यांत काजळ घालतो, ते कशासाठी? छान दिसतं म्हणून! हाच प्रश्न चार हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या इजिप्शियन बाईला विचारला असता, तर तिने तीन उत्तरे दिली असती. छान दिसते, डोळ्यांचे दुखणे टळते आणि देव राखण करतो. ही उत्तरे वेगवेगळी आहेत, असे तिला वाटलेही नसते.

आणि तिच्या नवऱ्यानेही तेच सांगितले असते, बरं का! तिथे डोळे रंगवणे हे फक्त बायकांचे काम नव्हते. राजा, कारकून, पुरोहित, सगळ्यांच्या चित्रांत डोळ्याच्या कडेने कानाकडे ओढलेली रेघ दिसते. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातला सोन्याचा मुखवटा आठवा. त्याच्या भुवया आणि डोळ्यांभोवतीची रेघ निळ्या लाजवर्द दगडाची आहे.

सुरुवातीच्या काळात मात्र चलती होती हिरव्याची. राजघराणी उदयाला येण्यापूर्वीच्या, सुमारे सहा हजार वर्षांच्या जुन्या कबरींत सपाट दगडी पाट्या सापडतात. आपल्या सहाणेच्या बहिणीच म्हणा ना! त्यांवर मॅलाकाइट नावाचे तांब्याचे हिरवे खनिज घोटायचे आणि ती पूड चरबीत नाहीतर पाण्यात कालवायची. कैरोच्या संग्रहालयातली नार्मेर राजाची पाटी, इसवी सनापूर्वी ३१००च्या सुमाराची, अशीच एक सहाण. एका बाजूला गदा उगारलेला राजा. दुसरीकडे लांब माना एकमेकींत गुंतवलेले दोन विचित्र प्राणी, आणि त्या मानांच्या वेढ्यात बरोबर रंग घोटायची गोल खळगी. एवढ्या मोठ्या राजाचा पराक्रम कोरायला प्रसाधनाची वस्तू निवडली, यातच सगळे आले.

पुढे काळ्याने हिरव्याला मागे टाकले. हे काळे म्हणजे दिव्याची काजळी नव्हे, तर गॅलेना हे शिशाचे चकचकीत खनिज. त्याला ते ‘मेसदेमेत’ म्हणत. तांबड्या समुद्राकाठच्या गेबेल झैत इथे त्याच्या खाणी होत्या. शिवाय ते परदेशी पाहुण्यांकडूनही येई. बेनी हसनच्या एका थडग्यातले चित्र प्रसिद्ध आहे. रंगीबेरंगी कपड्यांतली परदेशी मंडळी, बरोबर बायका, पोरे, गाढवे. आणि वर लिहिलेले, की ही ३७ माणसे डोळ्यांचे काळे घेऊन आली. काळ इसवी सनापूर्वी १९००च्या आसपासचा.

रखरखीत ऊन, वाळू, माश्या. डोळ्यांची दुखणी घरोघर. इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकग्रंथात डोळ्यांच्या औषधांत गॅलेना आहेच. त्यात देवकथेची भर. सेत देवाने होरसचा डोळा जायबंदी केला, थोत देवाने तो बरा केला. तो ‘अखंड’ डोळा ताईत म्हणून जिवंतांच्या अंगावर असे, तसा मृतांच्याही.

आता खरी गंमत ऐका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या प्राचीन काजळपात्रांतली पूड शास्त्रज्ञांनी तपासली. १९९९ साली त्यांनी जाहीर केले, की त्यात शिशाचे असे क्षार आहेत, जे निसर्गात क्वचितच मिळतात. म्हणजे ते मुद्दाम बनवलेले! शिशाची भस्मे मीठपाण्यात आठवडेच्या आठवडे, रोज पाणी बदलत मुरवावी लागत असणार. २०१० साली आणखी एक प्रयोग झाला. त्वचेच्या पेशींवर या क्षाराची अगदी अल्प मात्रा घातली, तेव्हा जंतूंशी लढण्याची तयारी चेतवणारा नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार झाला.

पण म्हणून सुरम्याची डबी आणायला धावू नका हं! हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर झालेला. हसत्याखेळत्या बाळाच्या डोळ्यांत नव्हे. शिसे हे विषच. शरीरात ते किती असले तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याचा फार धोका. मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. बाजारातला बराचसा पारंपरिक सुरमा म्हणजे हेच गॅलेना. तेव्हा घटक न लिहिलेली, सुटी पुडी घरात आणूच नये. घरी धरलेल्या काजळात शिसे नसते हे खरे, पण बोटाबरोबर जंतू जातात. आजीला हौस असेल, तर तीट कानामागे लावा. बाळाचे डोळे मोकळे ठेवा.

इजिप्शियन माणसाला मात्र परलोकातही काजळ हवेच होते. मृतांसाठीच्या ग्रंथात, न्यायसभेपुढे जाताना म्हणायच्या मंत्राबरोबर सूचना आहे: स्वच्छ व्हावे, पांढऱ्या वहाणा घालाव्यात, डोळ्यांत काळे घालावे.

१९०६ साली देर अल-मदिना इथे खा नावाच्या बांधकाम-अधिकाऱ्याचे आणि त्याच्या बायकोचे, मेरीतचे, थडगे जसेच्या तसे सापडले. मेरीत आधी गेली. खाने स्वतःसाठी करवलेली शवपेटी तिला दिली. ती तिला मोठी पडली, म्हणून भोवतीच्या पोकळीत त्याच्या खुणेची वस्त्रे भरली. जवळ तिचा केसांचा टोप ठेवला, आणि प्रसाधनाची पेटी. काजळाचे पात्र आणि ते घालायची काडी आज इटलीत, तुरिनच्या संग्रहालयात पाहायला मिळते.