वीस सेकंदांत न गोठणारी प्रोसेस

करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी शिरली की एखादा विद्यार्थी लॅपटॉपचे झाकण मिटून तो पिशवीत टाकेल आणि मशीन झोपले असे धरून चालेल. लिनक्सवर दर वेळी तसे घडत नाही. दौंड येईपर्यंत पिशवी तापलेली असते, आणि लॉगमध्ये नोंद सापडते की २० सेकंद थांबूनही एक प्रोसेस गोठली नाही, सबब सस्पेंड रद्द. त्या नोंदीत प्रोसेसचे नावही असते, त्यामुळे सगळा राग तिच्यावर निघतो. पण बहुतेक वेळा ती अडवणारी नसून स्वतःच अडकलेली असते.

झोपण्याआधी चालू प्रोसेस गोठवाव्या लागतात, पण कर्नल कुणाला बाहेरून पकडून गोठवत नाही. तो प्रत्येक प्रोसेसला एक लटका सिग्नल देतो. ती हातातले कर्नलमधले काम संपवून सुरक्षित जागी आली की आपणहून थांबते. (ज्या फंक्शनमध्ये ती थांबते त्याचे नाव खरोखरच ‘रेफ्रिजरेटर’ आहे.) आता कॉलेजच्या सर्व्हरवरचे फोल्डर एसएसएच-एफएसने जोडलेले आहे असे समजा. फाइल वाचणारी प्रोसेस उत्तराची वाट पाहत कर्नलमध्ये उभी आहे, आणि उत्तर देणारा एसएसएच-एफएसचा प्रोग्रॅम हीदेखील एक साधी प्रोसेसच. सिग्नल दोघांनाही जातो. कोण कुणावर अवलंबून आहे हे फ्रीझरला, म्हणजे कर्नलच्या गोठवणाऱ्या भागाला, ठाऊक नसते. उत्तर देणारा आधी गोठला की तो गोठलेला असेपर्यंत वाचणारी खोळंबते. उत्तर आधी आले तर सगळे सुरळीत. बिघाड कधी दिसतो, कधी नाही, याचे कारण हेच.

मग मुदत वाढवावी का? ती वाढवता येते, पण गोठलेला प्रोग्रॅम दोन मिनिटांनीही उत्तर देणार नाही. ‘किल माइनस नाइन’चाही भरवसा नाही, कारण ज्या प्रतीक्षेत सिग्नलच घेतला जात नाही तिथे तोही पोचत नाही. मुळात गोठवायचेच कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार. नुसत्या रॅममधल्या सस्पेंडपुरता तो खुद्द लिनस टोरवाल्ड्सने घेतला होता. हायबरनेटमध्ये मात्र त्याचे उत्तर स्पष्ट आहे. मेमरीची प्रत काढल्यानंतर कुणी डिस्कवर लिहिले, तर जागे झाल्यावर मेमरीतली समजूत आणि डिस्कवरची वस्तुस्थिती जुळत नाही आणि फाइलसिस्टम बिघडते. त्यापेक्षा झोप रद्द झालेली बरी.

प्रतीक्षेतच गोठायची मुभा देणे हा मार्ग दिसतो सोपा, पण लॉक हातात धरून कुणी गोठले तर त्या लॉकसाठी थांबलेले बाकीचेही अडकतात. २०२२च्या ६.१ कर्नलमध्ये पीटर झिल्स्ट्राने फ्रीझर नव्याने लिहिला, तेव्हाही एनएफएससारख्यांसाठी ठेवलेल्या सवलतीच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द राहिला. म्हणून वापरणाऱ्याने झोपेआधीच फोल्डर सोडवावे. सिस्टमडी झोपण्यापूर्वी आपली स्क्रिप्ट चालवू देते. फोल्डर सुटतच नसेल, तर एसएसएच-एफएस ज्या फ्यूज यंत्रणेवर चालते तिच्यात त्या जोडणीची ‘अबॉर्ट’ फाइल आहे: तिच्यात काहीही लिहिले की खोळंबलेल्या सगळ्या विनंत्या चूक दाखवून परततात. तोवर सर्व्हरवर न पोचलेले लिखाण मात्र त्यात जाते.