ट्रॅक्शन कंट्रोल आणि बर्फाळ रस्ता: काही गैरसमज

ज्या देशांत रस्ते हिवाळाभर बर्फाखाली असतात, तेथील वाहनचालकांत एक समज फार घट्ट रुजलेला आहे: ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीला निसरड्या रस्त्यावर अधिक पकड मिळते. वस्तुस्थिती अशी की, पकड टायरचे रबर आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये निर्माण होते आणि कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तीत तसूभरही भर घालू शकत नाही. या पकडीचे माप घर्षणांकाने, म्हणजे चाकावरील भाराच्या तुलनेत रस्ता किती बल पेलू शकतो या गुणोत्तराने, सांगितले जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा अंक साधारणतः ०.८ असतो, दबलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो आणि पाणी गोठून तयार झालेल्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी भरतो.

मग ही यंत्रणा करते तरी काय, याचे उत्तर चाकाच्या वागण्यात आहे. गाडीला पुढे ढकलताना चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाने फिरत असते. या फरकाला स्लिप म्हणतात. कठीण पृष्ठभागावर स्लिप दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास असताना पकड सर्वाधिक असते. अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यामुळे चाक त्यापलीकडे जाऊन जागच्या जागी भिरभिरू लागले की पुढे ढकलणारे बल तर घटतेच, पण गाडीला वळणावर धरून ठेवणारी आडवी पकडही जवळजवळ नाहीशी होते. प्रत्येक चाकाजवळ एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, वेगमापक संवेदक बसवलेले असतातच. त्यांच्याच नोंदींवरून कोणते चाक घसरत आहे हे ओळखून ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करते किंवा त्या एकाच चाकाला ब्रेक लावते.

एका चाकाला ब्रेक लावून गाडी पुढे कशी जाते, हा प्रश्न वरवर चमत्कारिक वाटतो. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल हा दंतचक्रांचा संच त्यांच्यामध्ये असतो. परंतु साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, समसमान वाटतो. त्यामुळे एक चाक बर्फावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असेल, तर बर्फावरच्या चाकाला जेवढा अत्यल्प जोर पेलतो तेवढाच कोरड्या बाजूच्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की त्या बाजूला कृत्रिम विरोध उभा राहतो आणि तेवढा जोर पकड असलेल्या चाकाकडे पोहोचतो. ट्रॅक्शन कंट्रोलची खरी कमाल येथे आहे, आणि नेमके हेच जाहिरातींत फारसे सांगितले जात नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे: गाडी सहज सुटली, म्हणजे ती सहज थांबेलही. ट्रॅक्शन कंट्रोलचा संबंध गती वाढवण्याशी आहे, थांबण्याशी नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला, चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ सोडून, कोरड्या रस्त्यावर सुमारे १२ मीटर अंतर पुरते. दबलेल्या बर्फावर तेच ४० मीटरच्या आसपास आणि गुळगुळीत थरावर १०० मीटरच्या घरात जाते. पूर्वी चाके भिरभिरू लागली की रस्ता निसरडा असल्याचे चालकाला सुटतानाच कळत असे. यंत्रणा ती सूचना सौम्य करून टाकते, म्हणून डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्याकडे लक्ष देणे महत्त्वाचे ठरते. हा दिवा म्हणजे बिघाड, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात लुकलुकणारा दिवा यंत्रणा काम करत असल्याचे, म्हणजेच पकड संपत आल्याचे सांगतो, तर स्थिर पेटलेला दिवा ती बंद असल्याचे किंवा तीत दोष असल्याचे दाखवतो.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांबाबतचा भ्रमही याच जातीचा आहे. मनालीहून अटल बोगद्याकडे, म्हणजे ३००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, महाराष्ट्रातून गेलेले पर्यटक फोर बाय फोर गाडीने चढ लीलया चढतात; परतीच्या उतारावर मात्र, सावलीतल्या वळणांवर पाणी गोठलेले असते तेव्हा, ब्रेक लावण्यासाठी त्या गाडीकडेही इतरांप्रमाणे चारच टायर असतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अवरोध चारही चाकांवर विभागला जातो, एवढाच काय तो लाभ.

वळणावर गाडी भरकटू लागल्यास तिला सावरण्याचे काम ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण, करते. १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आलेली ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना बंधनकारक झाली. मात्र तिच्याही हाती असते ती टायरची पकडच. सामान्य टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचीक राहते. म्हणूनच कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तेथे नोंदणी झालेल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ते फक्त इंजिनाचा जोर मिळणाऱ्या पुढच्या दोन चाकांना बसवणे ही काटकसर महागात पडते, कारण पुढच्या चाकांना पकड आणि मागच्यांना नाही अशा स्थितीत गाडीचा मागचा भाग वळणावर बाहेर फेकला जातो.

यंत्रणा कधीही बंद करू नये, हेही पूर्ण सत्य नाही. भुसभुशीत, खोल बर्फात रुतलेल्या गाडीची चाके थोडी फिरून वरचा थर खणतात, तेव्हाच त्यांना खाली आधार सापडतो; अशा वेळी यंत्रणा इंजिनाचा जोर वारंवार तोडून गाडीला जागीच खिळवते. तेव्हा बटण दाबून ती बंद करावी आणि गाडी हलक्या हाताने मागेपुढे करत बाहेर काढावी. बहुतेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते, पण बर्फातून निघालेली गाडी इंजिन बंद न करताच मुख्य रस्त्याला लागते. म्हणून वेग घेण्यापूर्वी बटण पुन्हा दाबणे आवश्यक असते.